चौथ्या कडव्यातलं नाव

“ते गाणं आधी बंद कर, रुद्र.”

हळद होऊन गेली होती. पाहुणे मिळेल तिथं आडवे झाले होते आणि मांडवाच्या राखणीला म्हणून चार पोरं खुर्च्या ओढून बसली होती. उद्या उज्वलाच्या पाठवणीला काय वाजवायचं यावर त्यांचा खल चालला होता. रुद्रनं फोनवर एक जुनं गाणं लावून दाखवायला सुरुवात केली, पहिली ओळ झाली, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर सहादू गुरुजी ताडकन उठून बसले. गुरुजी एरवी पोरांच्या थट्टेला थट्टेनं उत्तर देणारे. आज तसं काही दिसेना.

“गुरुजी, भारी गाणं हाय हे. बाया लय रडत्यात.”

“रडतात, ते मला माहीत आहे. ज्यानं ते रेकॉर्ड केलं तो माझा विद्यार्थी. सांगतो तुम्हाला. पण मध्येच कोणी हसायचं नाही, आणि मध्येच उठून मागं जायचं नाही.”

गुरुजींनी अंगावरची चादर खांद्याभोवती ओढून घेतली आणि सांगायला लागले.

बघा, गोष्ट एका साध्या कामापासून सुरू होते. चोवीस साल, एप्रिलची पंचवीस तारीख, गुरुवार. चैत्र पौर्णिमेची देवीच्या गडावरची यात्रा दोनच दिवसांपूर्वी उठलेली. भारत संध्याकाळी पिकअप घेऊन कळवणहून नाशिकला गेला, पंचवटीत. काम एवढंच, की एका गाण्यात एक नाव भरून आणायचं.

हा भारत अभ्यासात यथातथाच. पण कान असा तिखट, की मागच्या बाकावर कोण कुजबुजलं ते फळ्याकडं तोंड असताना सांगायचा. मोठा झाल्यावर त्यानं साउंडचा धंदा काढला. स्पीकर, मिक्सर, जनरेटर, सगळं त्या एका पिकअपमध्ये. कळवणपासून लासलगावपर्यंत लग्नं करायचा. बाप लवकर गेलेला. घरात आई, यशोदाबाई, आणि आठ वर्षांनी धाकटी बहीण योगिनी. त्या बहिणीवर त्याचा जीव होता. ती नर्सिंगला नाशिकला होती तेव्हा दर शनिवारी हा तिला आणायला स्वतः जायचा, एसटीनं येऊ द्यायचा नाही. तिचं लग्न दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होतं. आणि नाव भरायचं होतं ते तिचंच.

आता गाण्याचं ऐका. आमच्या गावात विठाबाई नावाची म्हातारी होती. पंचक्रोशीत कुठलीही मुलगी सासरी निघाली की पाठवणीचं गाणं म्हणायला विठाबाईच लागायची. बाजा नाही, टाळ नाही, नुसता गळा.

वेस ओलांडली, दिवा मालवला,
सुमन बाई गं, मागं बघू नको.
उंबरा ओळखील, पाऊल विसरंल,
सुमन बाई गं, मागं बघू नको.

अशी दोन-दोन ओळींची चार कडवी. सुमनच्या लग्नात सुमन, कमलच्या लग्नात कमल. प्रत्येक कडव्यात त्या मुलीचं नाव घेतलंच पाहिजे. निघायच्या आधी म्हातारी नवरीजवळ जायची, हनुवटी धरायची आणि नाव विचारून घ्यायची, माहीत असलं तरी. नाव न घेता ते गाणं तिनं भाकरी थापतानासुद्धा कधी गुणगुणलं नाही. पोरींनी हट्ट धरला तर स्वतःचं नाव घालून म्हणायची. “नाव नाय घातलं तर गाणं रिकामं जातं गं बयांनो,” म्हणायची. “आन् रिकामं गेलं की ते कोनाला तरी हुडकीत बसतं.”

पंधरा साली आमच्याच गल्लीतल्या रोशनीचं लग्न झालं. सुलाबाईची थोरली पोर. त्या दिवशी भारतनं मिक्सरचं बटण दाबून विठाबाईचं गाणं रेकॉर्ड करून घेतलं. म्हातारीला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, “ठेव तुझ्याकडं. पन हे रोशनीचं हाय. एकीचं गाणं दुसरीला लावू नको, भारत.” हा हसला. तरुण पोरगा, हसणारच.

रोशनी दोन वर्षांत गेली. वणीच्या अलीकडं रस्त्यालगत तिच्या सासरच्यांची वस्ती, आणि वस्तीपुढं विहीर. त्या विहिरीत सापडली. पाय घसरला, म्हणाले. पाय घसरणाऱ्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ कसे, हे कोणी विचारलं नाही. तिच्या बापाच्या पदरी अजून दोन मुली होत्या. त्यानं तोंड मिटलं, आणि घरात रोशनीचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांना बजावलं.

पुढं कोरोनात विठाबाई गेली. ते गाणं येणारी दुसरी कोणी नव्हती. लोक भारतच्या मागं लागले, तुझ्याकडं आहे ते लाव. त्यानं लावायला सुरुवात केली, आहे तसंच, रोशनीच्या नावासकट. आणि तेव्हापासून एक गंमत व्हायला लागली. कुठंही लग्न असो, आमंत्रण असो नसो, पाठवणीच्या वेळेला सुलाबाई मांडवाच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहायची. चार वेळा पोरीचं नाव ऐकायची. डोळे पुसायची आणि न जेवता निघून जायची.

मी गंमत म्हणालो. गंमत नव्हती ती.

मग एका लग्नात कोणा पाहुण्यानं हरकत घेतली. विहिरीत गेलेल्या पोरीचं नाव शुभकार्यात कशाला? भारतलाही ते पटलं. तो पंचवटीत रोहित म्हणून एडिटिंग करणारा आहे त्याच्याकडं गेला आणि चारही ठिकाणचं नाव कापून आणलं. नाव होतं तिथं आता दीड सेकंद काहीच नाही. शांत.

आणि खरं सांगतो, त्यानंतर ते गाणं जास्त चाललं. ती शांतता आली की प्रत्येक बाईला वाटायचं, माझंच नाव घेतलं. नवरीला वाटायचं, नवरीच्या आईला वाटायचं. सत्तरीची एक म्हातारी भारतचा हात धरून म्हणाली, “विठानं मला हाक मारली रे. माझ्या लग्नात मारली होती, तशीच.” पन्नास वर्षांपूर्वी गाडीत बसून रडत गेलेल्या बाया त्या दीड सेकंदात पुन्हा गाडीत बसायच्या. गाणं जुनं झालं म्हणून मरत नाही पोरांनो. त्यात आपल्याला बसायला जागा असली की ते जगतं. भारतनं तीच जागा कापून तयार केली होती. ती कोणाची होती, हे मात्र तो विसरला.

सुलाबाई विसरली नव्हती. ती त्याच्या दारात आली.

“भारत, माझ्या पोरीचं नाव कुठं गेलं रे?”

“मावशी, शुभकार्य असतंय. लोक नावं ठेवत्यात.”

“सासरी तिचं नाव नाय. घरात तिचा बाप काढू देत नाय. तेवढंच ऱ्हायलं होतं रे माझ्याकडं.”

भारतनं मान खाली घातली. पण नाव काही परत घातलं नाही. सुलाबाईनं लग्नांना यायचं सोडलं.

तर अशी ती गुरुवारची रात्र. आपल्या योगिनीची पाठवणी रिकाम्या गाण्यावर कशी करायची, असं यशोदाबाईनं टुमणं लावलं होतं. रोहित म्हणाला, सोपं आहे, आता कॉम्प्युटर विठाबाईच्याच आवाजात हवं ते नाव म्हणतो. तासाभरात त्यानं चारही जागी योगिनीचं नाव भरून दिलं. भारतनं तिथंच ऐकलं. हुबेहूब विठाबाई. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पेनड्राइव्ह खिशात घालून सव्वादहाला तो पंचवटीतून निघाला.

दिंडोरीला चहा घेतला. पुढं रस्ता मोकळा होता. चांदणं चांगलं होतं, दुतर्फा द्राक्षाचे मांडव, छाटून रिकामे झालेले. भारतनं पेनड्राइव्ह गाडीच्या टेपला लावला. उद्याच्या आधी एकदा ऐकून घ्यावं, एवढंच मनात.

पहिलं कडवं. योगिनी बाई गं, मागं बघू नको. छान.

दुसरं कडवं. नावाच्या आधी कोणीतरी श्वास घेतला.

भारतचा कान तिखट. रोहितकडं हा श्वास नव्हता, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. तरी नाव आलं, योगिनी. असेल काही, म्हणून त्यानं गाडी तशीच चालवली.

तिसरं कडवं. पुन्हा श्वास. आणि नाव नाही... शांत.

चौथं. श्वास. शांत.

त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आता चारही जागा रिकाम्या होत्या. योगिनी कुठंच नव्हती. त्यानं पेनड्राइव्ह उपटून काढला.

गाणं थांबलं नाही.

पण आवाज बदलला. म्हातारीचा राहिला नाही. एका तरुण बाईचा आवाज, चाचपडत म्हणणारा. चाल थोडी चुकायची, मग सापडायची. ज्या मुलीनं ते गाणं जन्मात एकदाच, स्वतःच्या पाठवणीत ऐकलं, तिनं म्हणावं तसं.

वेस ओलांडली... दिवा मालवला...

भारतनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. कुठं थांबली ते बघायला त्यानं काच खाली केली.

डाव्या हाताला विहीर होती.

घड्याळात अकरा चाळीस. वस्तीवर दिवा नाही. कुत्रं नाही. टेपमधून तो आवाज नावाच्या जागेपाशी आला आणि थांबला. श्वास घेतला. भारतला वाटलं, आता ही आपलंच नाव घेईल. रोशनी म्हणेल, आणि संपेल. त्यानं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, घे गं बाई, तुझंच घे. तुझीच जागा आहे.

“यो...”

“नको!”

तो ओरडला. दोन्ही हातांनी टेप दाबून धरला.

“तिचं नको. तिनं काय केलं? म्या काढलं तुझं नाव. म्या. घ्यायचंच तर माझं घे.”

...

किती वेळ काही नव्हतं. मग ओळ पुढं सरकली. मागं बघू नको. बस्स, तेवढंच. नावाच्या जागी त्या वेळी कोणाचंच नाव आलं नाही, आणि टेप बंद पडला.

भारत उतरला, पेनड्राइव्ह विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज आला नाही. विहिरीला पाणी होतं. चांदण्यात दिसत होतं.

पहाटे तीनला तो कळवणात पोचला. तिथून कळवण म्हणजे फार तर दीड तास. मधला वेळ कुठं गेला ते त्याला सांगता येईना. मी असाच मांडवात राखणीला बसलो होतो. त्यानं माझ्यासमोर खुर्ची घेतली आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं, एका दमात. मी म्हणालो, “आत्ताच्या आत्ता सुलाबाईच्या पाया पड. ते मूळ गाणं शोध, नावासकट वाजव.” तो म्हणाला, “मूळ ठेवलंच नाय गुरुजी. त्याच्यावरच कापलं.” मग म्हणाला, “आधी योगिनीची गाडी हलू द्या. मग जातो मावशीकडं.” मी जोर करायला हवा होता. लग्नघर होतं, पहाट होत होती, मी गप्प बसलो. ते मला अजून खातं.

शुक्रवारी लग्न लागलं. रात्री नऊला पाठवणी. भारतनं कोणतंही गाणं लावलं नाही. आईच्या हातात माइक दिला आणि म्हणाला, “तूच म्हन. कसंबी म्हन, पन तिचं नाव घे.” यशोदाबाईनं जन्मात कधी गायलं नव्हतं. गळा फाटला, सूर गेला, पण चारही कडव्यांत योगिनीचं नाव घेतलं. योगिनी गाडीत बसली. मागं बघितलं नाही. ती सुखात आहे, मालेगावला दवाखान्यात नोकरी करते, मुलगी झाली तिला. तिच्यावरचं टळलं.

गाडी गेली. भारतचा चेहरा कितीतरी तासांनी सैल पडला. त्यानं जनरेटर बंद केला. वायरी काढल्या, गुंडाळल्या. स्पीकर मोकळे, कशालाही न जोडलेले. आम्ही आठदहा जण खुर्च्या उचलत होतो.

आणि स्पीकरमधून विठाबाई गायला लागली.

खुर्ची कोणी खाली ठेवली नाही.

पहिलं कडवं. रोशनी बाई गं, मागं बघू नको.

दुसरं. रोशनी बाई गं.

तिसरं. रोशनी.

मी भारतकडं बघत होतो. तो वायरीचं वेटोळं हातात धरून उभा होता, मांडवाच्या तोंडाशी, आमच्याकडं तोंड करून. त्याच्या मागं अंधार.

चौथं कडवं. श्वास...

“भारत बाळा रे, मागं बघू नको.”

गं नाही. रे. विठाबाईनं उभ्या आयुष्यात ते गाणं कधी पुरुषाला म्हटलं नव्हतं.

भारतनं मागं बघितलं.

काय दिसलं ते त्यालाच ठाऊक. घाबरलेला दिसला नाही. कोणी ओळखीचं दारात आल्यावर माणूस बघतो, तसं बघितलं. वेटोळं हळूच खाली ठेवलं. “मावशीकडं जाऊन येतो, गुरुजी,” एवढं म्हणाला आणि पिकअपमध्ये बसला. मावशीचं घर चार दारं सोडून. तिकडं जायला गाडी कशाला लागते? हे माझ्या डोक्यात आलं तोवर लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला होता.

सकाळी पिकअप त्या विहिरीजवळ सापडला. दार उघडं, चावी लावलेली. भारतला दुपारी वर काढलं.

पंचनाम्याला आलेला हवालदार म्हणाला, रात्रीची वेळ, पाय घसरला असेल.

गुरुजी थांबले. रुद्रच्या हातातला फोन कधीचा काळा पडला होता.

“पण गुरुजी,” रुद्र म्हणाला, “माझ्याकडचं गाणं ते नाय. हे तेवीस सालचं हाय. भारतदादानंच पाठवलं होतं व्हॉट्सअ‍ॅपवर, मामाच्या अंजलीच्या लग्नात. ह्यात नावंच नाय. जागा रिकाम्या हायेत.”

“शेवटचं कधी ऐकलंस?”

“पूर्न? तेव्हाच. तेवीसला.”

“लाव. आता लाव. आवाज बारीक ठेव.”

रुद्रनं लावलं. पोरं नकळत जवळ सरकली. विठाबाईचा आवाज आला, फाटका आणि लांबचा. वेस ओलांडली, दिवा मालवला. पहिल्या रिकाम्या जागेपाशी रुद्रनं गुरुजींकडं बघितलं.

जागा रिकामी नव्हती. रोशनी बाई गं.

दुसरी, रोशनी. तिसरी, रोशनी.

चौथ्या कडव्याला कोणीतरी श्वास घेतला, आणि रुद्रचा अंगठा बटणावर गेला. गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

“भारत बाळा रे...”

गाणं संपलं. रुद्र फोन गुरुजींच्या पुढं धरून पुटपुटला, “मी काढून टाकतो हे. आत्ता काढतो.”

“काढू नकोस. वाजवूही नकोस. उद्या उज्वलाची पाठवणी करायची तर माणूस उभं करा आणि तिचं नाव घेऊन म्हणा. हे गाणं भरलं आहे आता. ह्यात आपल्यापैकी कोणाला जागा नाही.”

रुद्रनं फोन खिशात घातला. मग पोरांना ते ऐकू आलं. पलीकडच्या गल्लीतून तेच गाणं येत होतं, साध्या फोनच्या बारक्या आवाजात. पोरं एकमेकांना चिकटली.

“घाबरू नका,” गुरुजी म्हणाले. “ते यशोदाबाईच्या ओट्यावर. झोप येत नाही तिला. सुलाबाई येऊन बसते सोबतीला. लोकांनी लय सांगितलं, अगं बायांनो, भुताचं गाणं ते, पुसून टाका. दोघी म्हणतात, तेवढंच राहिलंय आमच्याकडं.”

गुरुजींनी चादर डोक्यावरून घेतली आणि खाटेवर आडवे झाले. गल्लीतलं गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत आलं, रोशनीचं नाव झालं, आणि ओट्यावरची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “आता तुझ्या पोराचं येईल बघ.”